डावीकडे जड

गाडीचं दुखणं गाडीला विचारायचं, मालकाला नाही. ही माझ्या बापाची शिकवण, आणि सव्वीस वर्षं मी ती तंतोतंत पाळली. मालक काय सांगणार? समोर काहीतरी कुईकुई करतं. समोर म्हणजे कुठे? समोर म्हणजे समोर हो, बाई! असल्या माहितीवर गाडी उघडायची असते का? म्हणून मालकाला बाकावर बसवायचं, त्याच्या हातात चहाचा कप द्यायचा आणि चावी घेऊन आपण एकट्यानं फेरी मारून यायची. फेरीवरून आले की दुखणं काय आणि खर्च किती, हे मी उभ्या उभ्या सांगते. एकदा सांगितलेला आकडा मी बदलत नाही, मग आभाळ कोसळो.

माझं काम फक्त स्टिअरिंगचं. ब्रेक, इंजिन, एसी घेऊन कुणी आलं तर मी हात जोडते. लोक तोंडावर मला स्टिअरिंगबाई म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात ते माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे, पण तो सांगत नाही. तो पुढच्या काउंटरवर सुटे भाग विकतो, पावत्या फाडतो आणि दिवसभर माझं तोंड सोसतो. त्याचं म्हणणं असं की, गाड्यांना मी पॉवर स्टिअरिंग बसवते, पण माझ्या जिभेला ब्रेक बसवणारा मेकॅनिक अजून जन्माला यायचाय. म्हणो बापडा.

आणि अशा माझ्याकडे एके सकाळी बसकाका आले.

बसकाका म्हणजे छत्तीस वर्षं शहराची बस चालवून निवृत्त झालेला माणूस. वय एकाहत्तर, पण दंड असे की शर्टाची बाही तटतटलेली. त्यांच्या काळात बसला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. ते भलंमोठं चाक माणसाच्या ताकदीवर फिरायचं, आणि काकांनी ते एका हातानं फिरवलं, असं ते स्वतःच सांगत. आता त्यांच्याकडे बारा वर्षांची एक उंच एसयूव्ही होती. लेक नोकरीला जायची, म्हणून नातीला रोज शाळेत सोडायचं आणि आणायचं काम काकांचं. मागच्या सीटवर त्या पोरीची पाण्याची बाटली कायम लोळत असायची.

"स्टिअरिंग जड झालंय गं पोरी," काका म्हणाले. "पण गंमत बघ, फक्त डावीकडे. उजवीकडे लोणी."

"काका, तुम्ही चहा घ्या. मी बघते," मी म्हटलं आणि चावी घेतली.

फेरीत मला दोन गोष्टी सापडल्या. पंपाचा बेल्ट ढिला होता, आणि स्टिअरिंगचं ऑइल काळंकुट्ट झालं होतं. डावीकडे-उजवीकडे फरक असा काही जाणवला नाही, पण ढिला बेल्ट काहीही नखरे करतो. मी परत आले आणि आकडा सांगितला. बेल्ट, ऑइल, मजुरी, सगळं मिळून बावीसशे. काकांनी मान डोलावली. मी दीड तासात काम उरकलं.

जाताना मी डिकीत त्यांची पिशवी ठेवायला गेले, तर डिकीचं दार धाडकन खाली आलं. ते दार वर धरून ठेवणारे गॅसचे दोन्ही दांडे मेलेले होते.

"अगं, जपून!" काका ओरडले आणि स्वतःच्या टाळूवरून हात फिरवला. "त्या बयेनं दीड महिन्यापूर्वी मला असा प्रसाद दिलाय! हे एवढं टेंगूळ आलं होतं."

"बदलून टाका की काका. चौदाशेला जोडी."

"चौदाशे? त्यापेक्षा माझं डोकं स्वस्त आहे," काका म्हणाले, आणि काउंटरवरच्या नवऱ्यासकट आम्ही तिघंही मनसोक्त हसलो.

चौथ्या दिवशी काका परत हजर.

"तुझं काही जमलं नाही बघ. डावीकडे जडच आहे."

माझं टाळकंच फिरलं. माझ्या हातून गेलेली गाडी त्याच तक्रारीनं परत येते? मी पुन्हा चावी घेतली, पुन्हा एकटीच फेरी मारली. गाडी झक्क चालत होती. मग मी बापाचा स्प्रिंगचा काटा काढला. एका टोकाला हुक, मध्ये आकड्यांची पट्टी. पूर्वी पोतं लटकवून वजन करायला असायचा तसला. तो हुक स्टिअरिंगच्या चाकाला अडकवायचा, गाडी चालू ठेवायची आणि ओढायचं. चाक फिरायला किती किलोचा ओढा लागला ते काट्यावर दिसतं. जागेवर उभ्या गाडीत उजवीकडे लागले तीन किलो. डावीकडे तीन किलो. तसूभर फरक नाही.

"काका, काटा खोटं बोलत नाही," मी त्यांना पट्टी दाखवली. "तुमचं स्टिअरिंग दोन्हीकडे सारखं आहे. लिहून देते, हमी देते. पैसे नकोत आजचे."

मी तसं पावतीवर लिहूनही दिलं. 'दोन्हीकडे तीन किलो. स्टिअरिंग ठीक.' खाली ठसठशीत सही. काकांनी पावती वाचली, घडी घातली, खिशात टाकली आणि निघून गेले. ते गेल्यावर नवरा काउंटरमागून म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." मी खदाखदा हसले. ते हसू मला पुढे फार महागात पडलं, म्हणून आठवणीनं सांगते.

आठवडा गेला आणि एका दुपारी काका लेकीला घेऊन आले. लेक दवाखान्यातल्या औषधांच्या दुकानात काम करायची, रजा टाकून आली होती. तिनं माझ्यासमोर एक छापील कागद ठेवला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा अंदाजपत्रकाचा कागद होता तो. नवीन पंप, स्टिअरिंगचा अख्खा रॅक नवीन, मजुरी, कर. बेरीज ब्याण्णव हजार.

"ताई, हे खरंच लागतं का?" तिनं विचारलं. "बाबा म्हणतात, उद्या गाडी तिकडे टाकायची. पैसे मी भरणार आहे, त्याचं काही नाही. पण लागत असेल तरच."

"ब्याण्णव हजार?" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की नवऱ्याच्या हातातला बेअरिंगचा डबा सांडला. "काय सोन्याचा रॅक बसवतायत का? दोन्हीकडे तीन किलो आहे! मी मोजलंय!"

"तू मोजलंस," काका शांतपणे म्हणाले. "गाडी मी चालवतो."

हे वाक्य माझ्या वर्मी बसलं. खोटं कशाला बोलू, मला त्यांची दया वगैरे आली नव्हती. मला राग आला होता. या माणसाला त्याच्याच गाडीत बसून खोटं पाडायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

"बसा," मी म्हटलं. "चावी तुमच्याकडेच ठेवा. आज तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. दाखवा मला कुठे जड आहे ते."

सव्वीस वर्षांत मी मालकाला चालवायला लावून शेजारी कधी बसले नव्हते.

लेकीला बाकावर बसवून आम्ही निघालो. सरळ रस्त्यावर काका राजासारखे बसले होते. कोपऱ्यावर उजवीकडे वळले, चाक अलगद फिरलं. पुढे टायरच्या दुकानाशी डावीकडे वळण होतं. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. डावा हात चाकावर होता, पण नुसता ठेवलेला. चाक फिरायला लागलं तसा तो हात ओढायच्या ऐवजी घसरत खाली आला आणि मांडीवर पडला. काकांना त्याचा पत्ताच नव्हता. ते उजव्या हातानं चाक वर ढकलत होते, दात-ओठ खात होते, पण तिथून पुढे चाक ओढून घ्यायला डावा हात नव्हताच, आणि गाडी वळण सोडून समोरच्या सायकलींच्या रांगेकडे निघाली होती. मी चाक धरलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "ब्रेक!"

गाडी थांबली. सायकलींपासून हातभर अंतरावर.

"बघितलंस?" काका धापा टाकत, जवळजवळ आनंदानं म्हणाले. "आहे की नाही जड?"

मागच्या सीटवरची पाण्याची बाटली गडगडत माझ्या पायाशी आली होती. ती मी उचलली, आणि मग एकेक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर येऊ लागली. काकांनी माझ्याकडे तीनदा चहा घेतला, तिन्ही वेळा कप उजव्या हातात, डावा हात मांडीवर. आज गॅरेजमध्ये शिरताना त्यांचा डावा बूट जमिनीला खरर्‌ खरर्‌ घासत होता. मी तो आवाज ऐकला होता. गाडीतून असा आवाज आला असता तर मी चाक काढून बघितलं असतं. माणसातून आला म्हणून सोडून दिला.

"काका, इकडे या. मी चालवते," मी म्हटलं.

गॅरेजमध्ये आल्यावर मी काटा काढला आणि त्याचा हुक कामाच्या टेबलाच्या लोखंडी पायाला अडकवला. दुसरं टोक काकांच्या उजव्या हातात दिलं. "ओढा."

काकांनी ओढलं. बावीस किलो. टेबल हललं.

"आता डाव्यानं."

काकांनी डाव्या हातानं ओढलं. काटा चारवर गेला आणि थरथरत तिथेच थांबला. काकांनी पुन्हा जोर लावला. चेहरा लालबुंद झाला, मानेच्या शिरा फुगल्या. चार. लेकीनं तोंडावर हात धरला.

"बाबा, लावा ना जोर."

"लावतोय की!"

"काका," मी म्हटलं, "गाडीला तीन किलो लागतात आणि तुमचा डावा हात चार ओढतोय, तेही सगळा जीव लावून. म्हणून डावीकडे जड. गाडी ठीक आहे. हात ठीक नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

मग जो तोफखाना सुटला! छत्तीस वर्षं बस चालवली, पॉवर स्टिअरिंग नव्हतं तेव्हा! या हातांनी! एक अपघात नाही! आणि ही दीडशहाणी, दोनदा गाडी दुरुस्त करता आली नाही तर आता माझ्या हातांना नावं ठेवते! काका चावीसाठी हात पुढे करून उभे राहिले. मी चावी खिशात टाकली.

"चावी दे."

"नाही देत."

"अगं, चोरी आहे ही!"

"आहे. पोलिसांना बोलवा. पण चावी देत नाही. उद्या सकाळी तुमची नात त्या मागच्या सीटवर बसणार आहे."

नातीचं नाव निघालं तसा काकांनी पुढे केलेला हात खाली घेतला. पण पीळ काही सुटेना. बाकावर बसले, मान फिरवली, आणि जाहीर केलं की आपण दवाखान्यात जाणार नाही, डॉक्टर लोक धडधाकट माणसाला आजारी पाडतात. लेक रडकुंडीला आली. हात जोडून झाले, शपथा घालून झाल्या. रेड्याचं दुखणं आणि पखालीला औषध, असा मामला होता. ब्याण्णव हजारांचं औषध पखालीला द्यायला रेडा खुशीनं तयार, पण स्वतःला दाखवायला तयार नाही.

मग मी पावतीपुस्तक घेतलं. अशा माणसाला विनवणी कळत नाही, पैज कळते. हे मला कळतं, कारण मीही त्याच जातकुळीची आहे.

मी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "डॉक्टरांना काकांच्यात काहीही बिघाड सापडला नाही, तर नवीन रॅक आणि पंप मी माझ्या खर्चानं बसवून देईन. ब्याण्णव हजार. सही."

"अगं!" नवरा काउंटरमागून जवळजवळ किंचाळला. "शुद्धीवर आहेस का?"

"अहो, तुम्ही बेअरिंगं गोळा करा."

काकांनी कागद घेतला, दोनदा वाचला, खालची सही निरखली. "फिरणार नाहीस ना?"

"माझा आकडा कधी फिरलाय?"

"चला," काका उठले. "फुकटात रॅक मिळतोय."

गाडी मीच चालवली. वाटेत सगळ्या डाव्या वळणांवर काका मला सांगत होते की बघ, तुझ्याही हाताला जड जातंय.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी काकांना दोन्ही हात समोर धरून डोळे मिटायला सांगितलं. काकांनी धरले. उजवा तिथेच राहिला. डावा हळूहळू खाली उतरत गेला, आणि काकांचा चेहरा मात्र तसाच ताठ, जिंकलेला.

"डोक्याला मार लागला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे," काका म्हणाले.

"नाही," लेक म्हणाली.

"लागला होता," मी म्हटलं. "दोनेक महिने होत आले. डिकीचं दार टाळूवर पडलं. एवढं टेंगूळ आलं होतं."

"ते होय?" काका म्हणाले. "ते कसलं लागणं!"

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग फोन उचलला आणि काकांना चाकांच्या खुर्चीतून स्कॅनला पाठवलं. काकांना खुर्चीत बसायचं नव्हतं. पैजेचा कागद त्यांनी डाव्या हातात धरला होता, तो दारातच गळून पडला. मी उचलून उजव्या हातात दिला.

मग मी बाहेर बाकावर बसले. माझ्या गॅरेजमधल्या बाकावर लोक चहाचा कप धरून कसे बसत असतील ते त्या दिवशी मला कळलं. आत काय उघडलंय, काय निघणार, काहीच कळत नाही. सव्वीस वर्षं मी लोकांना तसं बसवलं होतं. आणि याच माणसाला मी दोनदा "गाडी ठीक आहे" म्हणून रस्त्यावर सोडलं होतं, मागे रोज पोर बसते हे माहीत असताना. हमी देऊन. सही करून. वर हसले होते. मला स्वतःची लाज वाटली, मनापासून लाज वाटली. लेक माझ्या शेजारी बसून माझाच हात घट्ट धरून होती, आणि तिला हे सांगायचं धाडस मला होईना. शेवटी सांगितलंच.

ती म्हणाली, "ताई, मी तर घरात असते. मला कुठे दिसलं?"

तासाभरानं डॉक्टरीणबाई आल्या. कवटीच्या आत, मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त साचलं होतं. दार पडलं त्या दिवसापासून थेंब थेंब साचत आलेलं, आणि आता मेंदूवर दाब देणारं. उजव्या बाजूचा दाब, म्हणून डावा हात. छोटं भोक पाडून ते काढता येतं, हात बहुतेक परत येईल. पण अजून चार-सहा दिवस गेले असते, तर कुठल्यातरी वळणावर शुद्धच गेली असती.

"काकांना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. त्यांनी मला एक कागद दाखवला आणि म्हणाले, डॉक्टर, नीट बघा, माझ्या ब्याण्णव हजारांचा प्रश्न आहे." डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "मी म्हटलं, आजोबा, तुम्ही हरलात."

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं आणि नीट झालं. त्या दिवशी मी डिकीचे दोन्ही दांडे बदलले. नवऱ्यानं पावती फाडली नाही, आणि मी सांगितलंही नाही. एसयूव्ही आमच्या शेडमध्ये कापड टाकून उभी राहिली. नातीला शाळेत सोडायचं काम तेवढ्या दिवसांपुरतं माझ्याकडे आलं. ती पोर माझ्या गाडीत मागे बसून मला रोज सांगायची की आजोबा तुझ्यापेक्षा भारी वळवतात.

आणि गॅरेजची रीत मी बदलली. आता कुणीही गाडी आणली की पहिली फेरी मालकानं मारायची, मी शेजारी बसायचं. लोक बुचकळ्यात पडतात. बापाचा शब्द मोडला म्हणून मला दोन दिवस चुकल्यासारखं वाटलं. पण बाप असता तर त्यानंही मोडला असता, हे मी छातीठोकपणे सांगते.

सहा आठवड्यांनी काका आले. लेक बरोबर होती. डोक्यावर टोपी, टोपीखाली टाक्यांची खूण, अंग जरा उतरलेलं. पण चालत आले, आणि मी कान देऊन ऐकलं, बूट घासत नव्हता.

आल्या आल्या ना नमस्कार ना चहा. "काटा कुठाय?"

मी काटा काढला, हुक टेबलाला अडकवला. काकांनी शर्टाची बाही वर केली. उजव्यानं ओढलं. बावीस. मग डाव्या हातात घेतलं, पाय रोवले. नवरा काउंटर सोडून पुढे आला. काटा चढत गेला. आठ. बारा. सोळा. टेबल हललं, वरचे पाने खाली पडले. एकोणीस.

काकांनी काटा खाली ठेवला, खिशातून दोन घड्या झालेला कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. मला वाटलं, पैजेचा असेल. नव्हता. ती माझी दुसऱ्या खेपेची पावती होती. 'दोन्हीकडे तीन किलो. स्टिअरिंग ठीक.' खाली माझी ठसठशीत सही.

माझी मान खाली गेली. "काका, चुकले मी. तेव्हाच तुमच्या शेजारी बसायला हवं होतं."

"ते राहू दे," काका म्हणाले. "तू तेव्हा हमी दिली होतीस ना, दोन्हीकडे सारखं म्हणून? मग हे बघ. उजवीकडे बावीस, डावीकडे एकोणीस. तीन किलो कमी भरतायत. हमीत बसतं का?"

मला हसूही आलं आणि रडूही, दोन्ही एकदमच. मी बाहीनं तोंड पुसलं तर गालाला ग्रीस लागलं, आणि लेक हसायला लागली.

"बसतं," मी म्हटलं. "महिन्याभरानं घेऊन या. बघून देते."